हृदयाच्या पेशंटच्या कागदावर चार आकडे लिहून द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली, ३२ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाले, तुमचा पेपर रोज वाचते पण पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. कारण असं की आमच्या घरात हृदयाचे दोन पेशंट आहेत, एक आमचे हे आणि दुसरा माझा धाकटा भाऊ, तो तिकडे सत्तरी तालुक्यात असतो. ह्यांना डायबिटीस आहे, भावाला नाही. दोघांनाही अटॅक येऊन गेला, दोघांनाही स्टेंट, म्हणजे हृदयाच्या नळीत घालतात ती जाळी, बसले, आणि दोघांच्याही बाबतीत आमच्याकडून चुका झाल्या, पण एकाची चूक एका टोकाची तर दुसऱ्याची दुसऱ्या. आता मागे वळून बघते तेव्हा वाटतं की इस्पितळातून घरी पाठवताना कोणी एका कागदावर कोलेस्टेरॉल, प्रेशर, शुगर आणि विडी असे चार आकडे मोठ्या अक्षरात लिहून दिले असते तर हे झालं नसतं. बाकीच्या घरांत तरी होऊ नये म्हणून लिहायला बसले.

आधी भावाचं सांगते. त्याचं कुळागर आहे, माडीची म्हणजे सुपारीची झाडं, केळी, मिरवेल, सगळं स्वतः बघायचा. सडपातळ माणूस, पोट म्हणून नाही, दिवसभर उन्हातान्हात राबणारा, त्यामुळे ह्याला हार्टचं काही होईल असं कोणाच्या स्वप्नात नव्हतं. फक्त विडी. दिवसाला दहा-बारा तरी. ५२ वर्षांचा असताना एके सकाळी पाटाचं पाणी वळवायला गेला तिथेच छातीत कळ आली, डावा हात जड झाला, भावजयीने शेजाऱ्याची गाडी काढायला लावली आणि थेट वाळपईच्या इस्पितळात नेलं. तिथे ईसीजी काढला, तो लगेच बांबोळीच्या गोमेकॉतल्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, हृदयाच्या डॉक्टरांना पाठवला, त्यांनी बघून सांगितलं आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तिथल्या तिथे दिलं, मग १०८ मधून बांबोळीला. ही स्टेमी म्हणून जी सरकारची योजना आहे ना, तिच्यामुळे माझा भाऊ आज आहे. खेड्यातल्या माणसाला हे इंजेक्शन फुकट आणि वेळेवर मिळतं ही लहान गोष्ट नाही, त्या सगळ्या लोकांचे आभार मानते.

पुढे एक स्टेंट बसला आणि पाचव्या दिवशी घरी. गोळ्या पाच-सहा प्रकारच्या. त्यातली एक रक्त पातळ राहायची, एक कोलेस्टेरॉलची, एक प्रेशरची, पण कुठली कशाला हे घरात कोणालाच माहीत नव्हतं, भावजय रंगावरून द्यायची, गुलाबी सकाळी, पांढरी लांबट रात्री. चार महिन्यांनी रक्त तपासलं तर एलडीएल, म्हणजे ते वाईट कोलेस्टेरॉल, अटॅकच्या वेळी १४८ होतं ते ६८ वर आलेलं. वाड्यावरच्या कोणीतरी सांगितलं की आता नॉर्मल आलंय तर गोळी कशाला, उगाच लिव्हर खराब होतं. वर व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरत होता की ह्या गोळ्यांनी डायबिटीस होतो. झालं, बंद केली. मग प्रेशरची बंद केली, मग काजूच्या हंगामात रात्री जागायला लागलं आणि विडीही परत सुरू. मी फोनवर रागावले तर म्हणाला, "म्हाका शुगर ना गे बाय, म्हाका कांय जावचें ना."

हे वाक्य मी तेव्हापासून किती तोंडांतून ऐकलं असेल सांगता येत नाही. बसमध्ये, लग्नात, देवळाच्या मंडपात. शुगर नाही म्हणजे आपण सुटलो, पथ्यपाणी आणि तपासण्या ह्या शुगरवाल्यांनी करायच्या, असा आपल्याकडे एक समजच झालाय.

अडीच वर्षांनी दुसरा अटॅक आला. ह्यावेळी रात्रीचा, आणि पावसात रस्त्यावर झाड पडलेलं, पोचेपर्यंत उशीर झाला. जीव वाचला पण हृदयाची पंपिंग ३५ टक्क्यांवर आली, साधारण माणसाची ५५ च्या वर असते. आता तो सोप्यावर बसून मुलाला हाका मारून सांगतो, हा पाट सोड, तो बांध, आणि मुलगा खालून विचारतो खंयचो. कुळागराच्या पायऱ्या उतरून गेला तर परत चढताना दोनदा बसावं लागतं.

आणि ह्या दुसऱ्या वेळी एका डॉक्टरीणबाईंनी त्याची एचबीएवनसी काढली. ही तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी. ती आली ६.३. ५.७ ते ६.४ म्हणजे डायबिटीसचा उंबरठा. म्हणजे ज्या जोरावर तो "म्हाका शुगर ना" म्हणत होता ते अर्धवटच खरं होतं. पहिल्या वेळी फक्त उपाशीपोटीची शुगर बघितली होती, ती १०६, कागदावर शेजारी छापलेलं की ११० पर्यंत नॉर्मल, तेवढ्यावर विषय संपला. माझी मुलगी फार्मसी शिकलेली आहे, तिने मला सांगितलं की २००२ साली स्वीडनच्या डॉक्टरांनी नेमकं हेच तपासलं होतं. अटॅक आलेले पण डायबिटीस आहे असं कधी कोणी न सांगितलेले १८१ लोक घेतले, त्यांना ग्लुकोजचं पाणी पाजून शुगर मोजली, तर जवळपास एक तृतीयांश लोकांना डायबिटीस निघाला आणि आणखी एक तृतीयांश उंबरठ्यावर. तीन माणसांतली दोन! त्यांनाही तोपर्यंत शुगर नव्हतीच म्हणायची.

आता आमच्या ह्यांचं. ह्यांना डायबिटीस पंधरा वर्षांचा, औषधं चालू होती, तसे शिस्तीचे आहेत. चवथीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून उठले आणि अंगाला दरदरून घाम सुटला. छातीत दुखत नव्हतं, मी तीनदा विचारलं, नाही म्हणाले, फक्त अस्वस्थ वाटतंय आणि आंबट ढेकर येतात. आदल्या दिवशीचं खतखतं, नेवऱ्या, घरात पाहुणे, आम्हाला वाटलं पित्त झालं, मी ओव्याचं पाणी करून दिलं आणि झोपवलं. गणपती पोचवायला खाली तळीपर्यंत गेले सुद्धा! तिसऱ्या दिवशी जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा डॉक्टरांकडे गेलो, ईसीजी काढला आणि ते म्हणाले अटॅक येऊन दोन दिवस होऊन गेलेत. मला खरंच वाटेना, कळ कशी आली नाही? तर डायबिटीस खूप वर्षांचा असला की पायाच्या नसा जशा बधिर होतात तशाच हृदयाच्या नसाही होतात, दुखण्याची खबर मेंदूपर्यंत नीट जातच नाही. म्हणून डायबिटीसवाल्याला अचानक घाम, धाप, मळमळ, किंवा कधी नव्हे असा थकवा आला तर पित्त म्हणून सोडू नका, ईसीजी काढून घ्या. दोन दिवसांत हृदयाचा जो भाग मेला तो मेलाच, तो आता परत येणार नाही, आणि ते ओव्याचं पाणी मी माझ्या हाताने दिलं होतं.

ह्यांना दोन स्टेंट बसले. त्यानंतर ह्यांनी जे केलं ते भावाच्या अगदी उलट. शुगरच्या मागे हात धुऊन लागले. घरी मशीन आणलं, रोज सकाळी बोट टोचायचं, वहीत लिहायचं, रेघा मारून तारखेप्रमाणे. जेवणातला भात सोडला, आंबा सोडला, चतुर्थीला नेवरी हातात धरून परत ठेवली. एका रात्री जेवण कमी आणि गोळी तेवढीच, शुगर ५२ वर आली, अंथरुणात घामाने भिजलेले, बोलणं तोतरं, मी साखरेचं पाणी चमच्याने पाजलं. आणि एवढं सगळं चालू असताना, संपादक साहेब, त्यांचं एलडीएल दोन वर्षं ११८ होतं आणि वरचं प्रेशर १५० च्या आसपास. रिपोर्ट फाईलमध्येच होते. शुगरचे डॉक्टर वेगळे, हृदयाचे वेगळे, दोन फाईली, शुगरवाल्यांना वाटायचं कोलेस्टेरॉल हृदयवाले बघतात आणि हृदयवाल्यांकडे आमचा नंबर सहा महिन्यांनी, तिथे गर्दी एवढी की छातीत दुखतं का, नाही, तेच चालू ठेवा, पुढचा. कुठल्या इस्पितळाचं किंवा डॉक्टरचं नाव घ्यायचं नाही मला, त्यांच्यासमोर रोज किती माणसं असतात ते मी बघितलंय. पण १२ पानांच्या डिस्चार्ज फाईलमध्ये, सगळं इंग्लिश आणि अर्धं आखूड अक्षरांत, ह्या माणसाचं एलडीएल कितीच्या खाली असलं पाहिजे हे एका ओळीत कुठेही नव्हतं. मी शिक्षिका, मला सापडलं नाही, तर माझ्या भावजयीला काय सापडणार?

आणि एकट्या शुगरच्या मागे लागून हृदय सांभाळता येत नाही, हे माझं मत नव्हे, मोजून झालेलं आहे. अमेरिकेत आणि कॅनडात दहा हजारांवर डायबिटीसच्या पेशंटवर अकॉर्ड नावाचा अभ्यास केला, अर्ध्या लोकांची एचबीएवनसी ६ च्याही खाली नेण्यासाठी औषधांचा जोर लावला, तर त्या गटात मृत्यू जास्त व्हायला लागले आणि २००८ साली तो भाग मध्येच थांबवावा लागला. उलट डेन्मार्कमध्ये फक्त १६० जणांवर स्टेनो-२ म्हणून अभ्यास झाला, सगळे डायबिटीसवाले आणि लघवीतून प्रोटीन जायला लागलेले. त्यातल्या अर्ध्यांची शुगर, प्रेशर, कोलेस्टेरॉल, तंबाखू, खाणं, चालणं सगळं एकदम हातात घेतलं, जवळपास आठ वर्षं, तर हृदयाचे आणि लकव्याचे प्रकार साधारण निम्म्याने कमी झाले. पुढे २१ वर्षांनी परत बघितलं तेव्हा हा गट दुसऱ्या गटापेक्षा जवळपास आठ वर्षं जास्त जगला होता. आठ वर्षं म्हणजे नातवंडं शाळेत जायला लागलेली बघणं आहे.

कोलेस्टेरॉलच्या गोळीचं तर आणखी स्पष्ट आहे. २००८ मध्ये बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून बघितले होते, एलडीएल साधारण ३९ अंकांनी उतरलं की अटॅक, लकवा, बायपासची पाळी असले प्रकार एक पंचमांशाने कमी होतात, आणि हे डायबिटीस असलेल्यांत जेवढं तेवढंच नसलेल्यांत. म्हणजे माझ्या भावाला ती गोळी जेवढी गरजेची होती तेवढीच ह्यांना, दोघांत काही फरक नाही. ती गोळी घेऊन आकडा उतरला की बंद करायची नसते, गोळी आहे म्हणून तो उतरलेला असतो. आणि डायबिटीस होतो म्हणून जो मेसेज फिरतो त्यात एवढंच खरं की जे आधीच उंबरठ्यावर आहेत त्यांची शुगर थोडी वर सरकू शकते, पण अटॅक येऊन गेलेल्या माणसाला त्यातून मिळणारा फायदा त्याच्या कितीतरी पट आहे. हा मेसेज पुढे पाठवणाऱ्याने एकदा माझ्या भावाकडे येऊन सोप्यावर बसून जावं.

मला जे चार आकडे पाहिजे होते ते हे. एलडीएल, अटॅक येऊन गेलेल्या माणसाचं ५५ च्या खाली, डायबिटीस असो नसो. युरोपच्या २०१९ च्या सूचनांत हेच आहे आणि आपल्या भारतातल्या हृदय डॉक्टरांच्या संघटनेनेही २०२४ मध्ये हेच सांगितलंय. रिपोर्टवर शेजारी १०० पर्यंत नॉर्मल छापलेलं असतं ते धडधाकट माणसासाठी, तिथेच आपण सगळे फसतो. प्रेशर, १३० बाय ८० च्या खाली, पण म्हाताऱ्या माणसाला उठताना चक्कर येत असेल तर डॉक्टर थोडं ढिलं ठेवतात. एचबीएवनसी, डायबिटीस असेल तर बहुतेकांना ७ च्या आसपास, वय जास्त असेल किंवा शुगर सारखी खाली जात असेल तर ८ पर्यंत चालतं, आणि डायबिटीस नसेल तरी वर्षातून एकदा मोजायचीच. चौथा आकडा विडी-सिगारेट-तंबाखूचा, तो शून्य. विडी सोडली की साधारण एका वर्षात तिच्यामुळे वाढलेला धोका निम्म्यावर येतो, ह्याच्याएवढं स्वस्त औषध कुठल्या फार्मसीत मिळणार?

वजन, कंबर, झोप हे सगळं आहेच, पण चार तरी नीट धरले तर बाकीचं मागून येतं असं मला दिसलंय.

डायबिटीसवाल्याला ह्याच्यावर थोडं जास्त बघायला लागतं. वर्षातून एकदा लघवीतलं प्रोटीन आणि क्रिएटिनिन, कारण किडनी आणि हृदय एकमेकांना ओढत नेतात, डोळ्यांचा पडदा, पायाची बोटं. आणि औषधाचं पण विचारा. शुगरच्या काही नव्या गोळ्या अशा आहेत की त्या शुगरबरोबर हृदय आणि किडनीही सांभाळतात. एम्पाग्लिफ्लोझिन नावाची त्यातली एक, तिचं पेटंट २०२५ च्या मार्चमध्ये संपलं आणि बऱ्याच कंपन्यांनी काढल्यामुळे किंमत खूप खाली आली. पूर्वी ती परवडत नाही म्हणून आम्ही नको म्हटलं होतं, आता ह्यांना चालू आहे. भावालाही तीच दिली आहे, त्याला डायबिटीस नसताना, पंपिंग कमी आहे म्हणून! मला आधी वाटलं चिठ्ठी चुकली, फार्मसीवाल्याने पण दोनदा विचारलं. चुकली नव्हती. अर्थात मी डॉक्टर नाही, माझं पत्र वाचून कोणी गोळी सुरू करू नका आणि बंद तर मुळीच करू नका, फक्त विचारा. स्टेंटनंतर रक्त पातळ राहायच्या गोळ्या मनाने बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, ही गोष्ट भावाला दुसऱ्या अटॅकनंतर कळली.

शुगर नसलेल्या माणसाने घरचा इतिहास सांगायला विसरू नये. आमचे वडील ५४ व्या वर्षी झोपेत गेले, त्याकाळी काळीज बंद पडलं एवढंच म्हणायचे. लायपोप्रोटीन ए म्हणून रक्तातली एक चरबी असते, ती वारशाने येते, तिची तपासणी जन्मात एकदा केली तरी पुरते, भावाची आली भरपूर जास्त. सडपातळ, राबणारा, शुगर नसलेला माणूस का पडला त्याचं अर्धं उत्तर तिथे मिळालं, उरलेलं अर्धं विडीत होतं. माझी पण केली, मुलीची पण.

आता खाण्याबद्दल लिहिलं नाही तर गोंयकारांना पत्र अर्धंच वाटेल. मला कोणी नुस्तं, म्हणजे मासे, सोडा म्हणालं नाही, बांगडा-तारलो तर हृदयाला चांगलाच, पण तो रव्यात घोळून तेलात तळला की हिशोब बदलतो. माशाच्या हुमणात मी पूर्वी चौघांना एक अख्खा नारळ वाटायची, आता अर्धा, आणि तिरफळं जरा जास्त, आठवड्याने जिभेला सवय झाली. मीठ मात्र मला उशिरा लक्षात आलं. ह्यांचं प्रेशर काही केल्या उतरेना, गोळी वाढवली तरी. मुलीने एकदा सकाळी बघितलं, ह्यांच्या पेजेच्या वाटीशेजारी मिठातलं तोर, म्हणजे मिठात मुरवलेली कैरी. रोज एक, कधी दोन, वर्षानुवर्षं, आणि कोठीत आईच्या हातची बरणी भरलेली. जेवताना पापड, लोणचं, सुक्या बांगड्याची किसमूर. दिवसाला पाच ग्रॅमच्या खाली मीठ म्हणतात, म्हणजे एक चहाचा चमचा, ते ह्यांचं न्याहारीतच अर्धं संपत असणार. ती बरणी मी शेजारी देऊन टाकली. दीड महिन्यात वरचं प्रेशर १५० वरून १३४ वर आलं, गोळी तीच. पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, घेतो ती पोळी कोंड्याची असते असं आपण धरून चालतो, पण आतून पांढरी निघाली तर ती मैद्याचीच, पावासारखीच शुगर चढवते. मी पोदेराला सरळ विचारलं, त्याने सांगितलं पण.

हे सगळं एका घराचं वाटेल पण तसं नाही. आयसीएमआर ह्या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने देशभर एक लाखावर लोकांचा जो अभ्यास केला आणि २०२३ मध्ये छापला, त्यात डायबिटीसचं प्रमाण सगळ्या राज्यांत जास्त आपल्या गोव्यात निघालं, २६.४ टक्के. चार मोठ्या माणसांत एक. म्हणजे माझ्या भावासारखा आणि आमच्या ह्यांच्यासारखा माणूस जवळपास प्रत्येक वाड्यावर आहे, आणि इस्पितळात दोघं शेजारच्या खाटेवर असतात, घरी गेल्यावर एक शुगरच्या मागे लागतो आणि दुसरा सगळंच सोडून देतो.

आरोग्य खात्याला माझी विनंती आहे, आणि ती खर्चाची नाही. अटॅक येऊन घरी जाणाऱ्या प्रत्येक माणसाला एक जाड कार्ड द्या, मराठीत आणि कोंकणीत, एका बाजूला हे चार आकडे, त्याचा आज किती आणि कितीपर्यंत आणायचा, खाली पुढच्या दोन वर्षांच्या तपासण्यांना चौकोन. दुसऱ्या बाजूला गोळीचं नाव, ती कशाला, आणि कधीपर्यंत घ्यायची. मुलांची प्रगतीपुस्तकं मी ३२ वर्षं भरली, त्यामुळे सांगते, आकडा समोर दिसला की आईबाप विचारायला येतात, नाही दिसला तर वर्ष संपेपर्यंत कोणी फिरकत नाही. दुसरं, अटॅकवाल्या प्रत्येकाची एचबीएवनसी काढाच, तो शुगर ना म्हणाला तरी. तिसरं, प्राथमिक आरोग्य केंद्रात महिन्यातला एक दिवस असा ठेवा की हृदयवाल्यांचं रक्त, प्रेशर आणि गोळ्या एकाच टेबलावर बघितल्या जातील. सत्तरी तालुक्यातल्या माणसाला शुगरसाठी एका ठिकाणी आणि हृदयासाठी बांबोळीला जायचं म्हणजे दोन दिवसांची मजुरी जाते, मग तो एक तरी खेप चुकवतो, आणि नेमकी कुठली ते आपल्याला माहीत आहे.

तुम्हाला पण एक विनंती, संपादक साहेब. रविवारच्या पानावर हे चार आकडे एकदा चौकटीत छापा, कापून फ्रीजला लावता येतील एवढ्या आकाराचे.

तोपर्यंत मी घरीच दोन कार्डं केली आहेत, शाळेतल्या चार्टपेपरची, लाल आणि निळ्या स्केचपेनने. ह्यांच्या कार्डावर गेल्या महिन्यात एलडीएल ५१, प्रेशर १२८ बाय ७६, एचबीएवनसी ७.२. भावाचं एलडीएल ६४ आहे अजून, डॉक्टरांनी दुसरी एक गोळी जोडली आहे. विडीच्या चौकोनात भावजय रोज रात्री स्वतः शून्य घालते, चौदा महिने झाले, एकही दिवस रिकामा नाही. पुढचं रक्त तुळशीच्या लग्नानंतरच्या सोमवारी, मीच घेऊन जाणार आहे त्याला.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, डिचोली